स्वार्थाचे गृहीतक आणि माणसाविषयीचा विश्वास

ओळखीतील एखादा मुलगा किंवा मुलगी अर्थशास्त्राच्या पदवीसाठी अमेरिकेतील खाजगी विद्यापीठात जायला निघाली, की घरात शुल्काची, व्हिसाची आणि राहण्याच्या सोयीची चर्चा होते. चार वर्षांच्या या अभ्यासाने माणसांकडे पाहण्याची त्यांची दृष्टी कशी घडेल, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वास्तविक तोच अधिक महत्त्वाचा आहे.

पहिल्याच वर्षी विद्यार्थ्याला सूक्ष्म अर्थशास्त्र शिकवले जाते. मागणी, पुरवठा आणि किंमत यांचे विवेचन एका गृहीतकावर उभे असते: प्रत्येक जण स्वतःचा लाभ जास्तीत जास्त व्हावा असाच निर्णय घेतो. गणिताच्या सोयीसाठी हे गृहीतक उपयुक्त आहे. पण तेच वाक्य वर्षानुवर्षे ऐकल्यावर ते गृहीतकच राहते, की हळूहळू उपदेश बनते?

न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल या खाजगी विद्यापीठात रॉबर्ट फ्रँक, थॉमस गिलोविच आणि डेनिस रेगन यांनी हाच प्रश्न अभ्यासला आणि 1993 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी विद्यार्थ्यांना पैशांचा एक खेळ खेळायला दिला. दोघांनी सहकार्य केले तर दोघांचा लाभ. एकाने दगा दिला तर त्याचा अधिक लाभ आणि दुसऱ्याची हानी. अर्थशास्त्राच्या सुमारे 60 टक्के विद्यार्थ्यांनी दगा दिला. इतरांमध्ये हे प्रमाण सुमारे 39 टक्के होते. याशिवाय सत्राच्या आरंभी आणि अखेरीस काही वर्गांना विचारले गेले: पैशांचे हरवलेले पाकीट सापडले तर तुम्ही परत कराल का? तुमचे पाकीट दुसऱ्याला सापडले तर तो परत करील का? खगोलशास्त्राच्या वर्गाशी तुलना करता, स्वार्थाच्या गणितावर भर देणाऱ्या शिक्षकाच्या वर्गात दोन्ही बाबतींत निराशा अधिक वाढलेली दिसली.

एवढ्यावरून हे शिक्षण घातक ठरवण्याची घाई करू नये. 1996 मध्ये वॉशिंग्टनच्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातील, म्हणजे दुसऱ्या एका खाजगी विद्यापीठातील, प्राध्यापकांनी निराळा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी प्रश्न न विचारता वर्गांमध्ये खरीखुरी पाकिटे टाकून ठेवली. प्रत्येकावर पत्ता आणि तिकीट, आत 10 डॉलर. अर्थशास्त्राच्या वर्गांतून 56 टक्के पाकिटे पत्त्यावर पोहोचली. इतर विषयांच्या वर्गांतून केवळ 31 टक्के.

या दोन प्रयोगांतील अंतराचा आपण विचार केला पाहिजे. कागदावर आणि खेळात स्वार्थाची बाजू घेणारा विद्यार्थी, कोणी पाहत नसताना प्रामाणिक वागू शकतो. म्हणजे या शिक्षणाने हात लगेच बिघडतो असे नाही. आधी बिघडतो तो इतरांविषयीचा अंदाज. आणि हा बिघाड किरकोळ नाही. समोरचा फसवणारच असे एकदा मनाने धरले, की आपण आधी फसवणे हा स्वसंरक्षणाचा भाग वाटू लागतो. असाच पदवीधर उद्या बँकेत किंवा शासनात नियम बनवू लागला, तर तो प्रत्येक नागरिकाला संशयित मानूनच नियम बनवील.

इस्लामी शिकवणीत या दोन्ही बाजूंचा विचार आहे. सापडलेल्या वस्तूला ‘लुकता’ म्हणतात. ती उचलणारा तिचा मालक नसून अमानतदार असतो, आणि तिची ओळख पटवण्यासाठी एक वर्ष जाहीर पुकारा करण्याचा आदेश प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिला आहे. हा झाला हाताचा नियम. मनाचा नियम पवित्र कुरआनच्या ‘हुजुरात’ या अध्यायात आहे: तेथे लोकांविषयी फार संशय बाळगण्यास मनाई केली आहे. बदगुमानीला तेथे केवळ स्वभावदोष नव्हे, तर गुन्ह्याच्या वाटेवरची गोष्ट मानले आहे.

मग अर्थशास्त्र शिकू नये काय? अवश्य शिकावे. गरिबी, महागाई, बेकारी यांची कारणे भावनेने नव्हे, अभ्यासानेच कळतात. मात्र विद्यार्थ्याने हे लक्षात ठेवावे की या शास्त्राचा जनक मानला जाणारा अ‍ॅडम स्मिथ ग्लासगो विद्यापीठात नीतिशास्त्राचा प्राध्यापक होता. राष्ट्रांच्या संपत्तीवरील त्याचा ग्रंथ 1776 चा. त्याआधी 1759 मध्ये त्याने माणसाच्या नैतिक भावनांवर आणि सहानुभूतीवर ग्रंथ लिहिला होता. वर्गात बहुधा पहिल्याचीच चर्चा होते. विद्यार्थ्याने दोन्ही वाचावेत.

आणि पालकहो, मुले सुट्टीत घरी येतील तेव्हा गुणांची चौकशी जरूर करा. पण आणखी एक प्रश्न विचारा: तुझे पाकीट हरवले, तर तुझ्या वर्गातले कोणी ते परत आणून देईल असे तुला वाटते का? उत्तर नकारार्थी आले, तर त्यांच्याशी शांतपणे बसून बोला. अल्लाह आपल्या मुलांना लाभदायक ज्ञान देवो. आमीन.