कात्यायनीचा वाटा

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य आणि मैत्रेयी यांचा संवाद दोनदा येतो. गृहस्थाश्रम सोडून निघालेला याज्ञवल्क्य मैत्रेयीला म्हणतो की, जाण्यापूर्वी तुझी आणि कात्यायनीची वाटणी करून देतो. वित्ताने अमृतत्व लाभेल काय, हा मैत्रेयीचा प्रतिप्रश्न आपल्या तत्त्वचिंतनात अजरामर झाला आणि त्याच्या तेजापुढे मूळ प्रस्ताव झाकोळून गेला. संसार आवरताना जे आहे ते प्रथम समोर ठेवावे आणि मग निघावे, अशी साधी नीती त्या प्रस्तावात आहे. मैत्रेयीला वित्त नाकारता आले, कारण ते तिच्यापासून लपवलेले नव्हते. जे ठाऊकच नाही, त्याचा त्यागही करता येत नाही.

आजच्या कौटुंबिक न्यायालयात मात्र प्रश्न इथेच अडतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार कायमची पोटगी ठरवताना उभयतांचे उत्पन्न, मालमत्ता आणि वर्तन विचारात घेतले जाते. साहजिकच वितुष्टाची चाहूल लागताच मालमत्ता आकसू लागते. सदनिका भावाच्या नावे होते, मुदतठेवी मोडल्या जातात, मित्राकडून घेतलेले एखादे जुने कर्ज अकस्मात आठवते, भरभराटीचा धंदा कागदोपत्री तोट्यात जातो. शोध घेणाऱ्यालाही मग कागदांचाच माग काढावा लागतो: बँकेचे उतारे, प्राप्तिकराची विवरणे, सात-बारा, नोंदणी कार्यालयातील खरेदीखते. सांगितलेले उत्पन्न आणि जगलेले राहणीमान यांतील विसंगती पुष्कळदा कागदांपेक्षाही बोलकी ठरते.

यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: कमाई माझी, कष्ट माझे, मग ते कोणाला दाखवण्याचे बंधन मला का? गोव्यात हा युक्तिवाद सहसा टिकत नाही. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेनुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसल्यास, पतिपत्नींची मालमत्ता सामायिक ठरते. उर्वरित भारतात विवाहाने अशी सामायिक मालकी निर्माण होत नाही. पत्नीला पतीच्या स्थावर मालमत्तेत वाटा देऊ पाहणारे विधेयक राज्यसभेने २०१३ साली संमत केले. परंतु लोकसभेची मुदत संपल्यावर तेही बारगळले. तथापि येथे दोन प्रश्नांची गल्लत होते. कोणाला किती द्यावे, याविषयी सुज्ञांत प्रामाणिक मतभेद असू शकतात. मुळात आहे किती, याविषयी मतभेदाला जागाच नाही. तेथे केवळ खरे आणि खोटे असते. दान, न्याय, औदार्य यांचा विचार या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरानंतरच सुरू होऊ शकतो.

आपल्या धर्मशास्त्राला हा भेद अपरिचित नव्हता. याज्ञवल्क्यस्मृतीने स्त्रीधनाच्या उपयोगाबाबत पतीला सवलत दिली, पण ती दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण आणि बंदिवास अशा संकटांपुरती. त्या वेळी घेतलेले धन परत करण्याचे बंधन त्याच्यावर नाही. अपवाद असे मोजून सांगावे लागतात, यातच मूळ नियम कोणता होता हे स्पष्ट होते. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधनावर पत्नीची संपूर्ण मालकी मानली आणि पतीच्या ताब्यातील ते धन विश्वासाने सोपवलेली ठेव असल्याचे म्हटले. ठेव हा शब्द मोलाचा आहे. प्रेम संपले म्हणून ठेव संपत नाही.

मग डाळीच्या डब्यात पैसे ठेवणाऱ्या गृहिणीचे काय? ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा अनेक घरांतून ही पुंजी बाहेर आली आणि वर्षानुवर्षे गुप्त राखलेली गोष्ट कित्येक स्त्रियांना नाइलाजाने नवऱ्यापुढे उघड करावी लागली. ते लपवणे आणि हे लपवणे एकाच मापाने मोजता येईल का? मला तसे वाटत नाही. जिच्या नावावर काही नाही, तिने अडीअडचणीसाठी बाजूला टाकलेला पैसा हा भयातून जन्मलेला असतो. ज्याच्या हाती सारे आहे, त्याची लपवाछपवी देणे चुकवण्यासाठी असते. परंतु हा भेद न्यायालयाच्या उंबरठ्यापर्यंतच नेता येतो. शपथेवर सांगण्याची वेळ आली की डबाही उघडावाच लागतो. ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या दाव्यांत मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र दोन्ही पक्षांवर बंधनकारक केले, ते या दृष्टीने उचितच होय.

उरतो तो शोधणाऱ्याच्या नीतीचा प्रश्न. दुसऱ्याचा टपाल-व्यवहार चोरून वाचणे, भ्रमणध्वनी उघडून पाहणे, मुलांना हेर बनवणे, हे सत्यासाठी केले म्हणून शुद्ध होते काय? मुलांच्या बाबतीत तर उत्तर निःसंशय नकारार्थी आहे. बापाचा लॉकर कोणत्या बँकेत आहे हे आईला सांगणारे मूल त्या दिवशी दोघांनाही पारखे होते. म्हणूनच स्वतःहून सांगण्याची सक्ती ही केवळ सोयीची कार्यपद्धती नव्हे. ती शोधणाऱ्यालाही अधोगतीपासून वाचवते.

तरीही अशा खटल्यांत हाती लागते ते केवळ धन नसते. बारा वर्षांपूर्वी घेतलेला एखादा भूखंड कागदात सापडतो, आणि त्याच वर्षी घरात पैसे नाहीत म्हणून मोडलेली पाटली पत्नीला आठवते. रक्कम न्यायालय वसूल करून देईल. पण ते वर्ष तिला आता नव्याने जगून पाहावे लागते, या वेळी खरे काय होते हे ठाऊक असताना. लपवणाऱ्याने तिच्या भविष्याचा वाटा रोखला, हा गुन्हा कायद्याला दिसतो. तिच्या भूतकाळातही त्याने हात घातला होता, हे दिसण्यासाठी कायद्याची नजर पुरत नाही. कात्यायनीने आपला वाटा घेतला की नाही, हे उपनिषद सांगत नाही. मात्र तो किती आहे हे तिला विचारावे लागले नसावे.