अमानतीचा उन्हाळा

मूल आपले असते, की आपल्याकडे ठेवायला दिलेले असते? आपल्या घरांत या प्रश्नाचे उत्तर तयार असते. बाळ जन्मले की वडीलधारी माणसे म्हणतात, ‘अल्लाहची अमानत आहे, सांभाळा.’ हा शब्द आपण इतका सहज वापरतो की त्याचा अर्थ मनात उतरत नाही. अमानत म्हणजे परत करावयाची वस्तू. ठेवायला दिलेला दागिना होता तसा परत करता येतो. मुलाचे तसे नाही. ते आपल्या हातात असतानाच रोज बदलत असते. पाच वर्षांचे मूल कुणी परत मागितले तर देणार कोठून? ते तर केव्हाच सहा वर्षांचे झालेले असते.

हे बदलणे उन्हाळ्यात अधिक दिसते. आमचे वरवंड पुणे-सोलापूर महामार्गावरचे. मे महिन्यात दुपारी रस्त्यावर ट्रक सोडले तर काही हलत नाही. व्हिक्टोरिया तलावाचे पाणी मागे सरकते, काठाला भेगा पडतात. मग कधीतरी खडकवासल्याहून कालव्याला पाणी सुटते आणि पोरांचा खरा उन्हाळा सुरू होतो. गेल्या वर्षी पाठीला डबा बांधून काठाकाठाने हातपाय मारणारा पोरगा यंदा कुणाला न विचारता सूर मारतो. ‘अब्बा, देखो!’ एवढेच त्याचे म्हणणे असते. पुढच्या दोन-चार वर्षांत तो सूर मारीलच, पण ‘देखो’ म्हणणार नाही.

आपल्या चांद्र पंचांगात हे काळाचे गणित स्पष्ट दिसते. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे 11 दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी मागे सरकतो आणि साधारण 33 वर्षांनी त्याच ऋतूत परततो. 1986 साली रमजान मे महिन्यात आला होता. 2019 साली तो पुन्हा मे महिन्यात आला. 1986 च्या त्या चौदा तासांहून मोठ्या दिवसात ज्या सात वर्षांच्या मुलाने पहिला रोजा ठेवला, तो 2019 मध्ये चाळीस वर्षांचा बाप होऊन आपल्या मुलाची रोजाकुशाई करीत होता. मे महिन्यातला रमजान यानंतर येईल तो 2050 च्या पुढे. तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला असेल. उन्हाळा दरवर्षी येतो, रमजान दरवर्षी येतो, पण सात वर्षांचे मूल आणि मे महिन्यातला रोजा यांची गाठ आयुष्यात फार तर दोनदा पडते. एकदा आपण मूल असताना, एकदा बाप किंवा आई असताना.

मग या क्षणांत रमणे हा दुनियेचा मोह म्हणायचा काय? कुरआनात संपत्ती आणि संतती यांना ऐहिक जीवनाची शोभा म्हटले आहे, आणि दुसरीकडे कसोटीही म्हटले आहे. त्यावरून काहीजण मुलांशी कोरडे वागणे हीच धार्मिकता समजतात. पण पैगंबरसाहेबांचे (स.) वागणे तसे नव्हते. आपल्याला दहा मुले असून एकाचाही कधी मुका घेतला नाही असे अकरा बिन हाबिस यांनी सांगितले, तेव्हा जो दया करीत नाही त्याच्यावर दया केली जात नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. नात उमामा हिला खांद्यावर घेऊन पैगंबरसाहेबांनी नमाज पढल्याची हदीस आहे. सजद्यात जाताना ते तिला खाली ठेवीत, उठताना पुन्हा उचलून घेत. मूल इबादतीच्या आड आले नाही, ते इबादतीतच सामावले गेले.

त्या खांद्यावर मुलगी होती, हे आपण विसरू नये. आपल्याकडे मुलीचा उन्हाळा मुलाच्या आधी संपतो. नऊ-दहा वर्षांची झाली की कालव्यावर जाणे बंद, मग सायकल बंद, मग दुपारी पापड-कुरडया आणि धाकट्या भावंडांची राखण. भाऊ मात्र पंधरा वर्षांचा होईपर्यंत मूलच राहतो. अमानत दोघांची सारखीच असेल, तर एकीचे बालपण आधी आटोपण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

आणखी एक गोष्ट. क्षण जपायला हाताशी वेळ लागतो, आणि तो सर्वांना सारखा मिळत नाही. बागवानाचा धंदा भर उन्हाळ्यात असतो. पोरे झोपेत असताना तो मार्केट यार्डाकडे निघतो आणि परततो तेव्हाही ती झोपलेलीच असतात. जगाच्या मुलांना तो आंबा खाऊ घालतो, आपल्या मुलाच्या तोंडाला लागलेला रस त्याला दिसत नाही. ट्रकवरच्या ड्रायव्हरची गत तीच. अशा बापाला ‘मुलांना वेळ द्या’ असा उपदेश करणे सोपे आहे. पण मुलाच्या घासासाठी केलेली वणवण हेही अमानत सांभाळणेच आहे. 2020 चा रमजान टाळेबंदीत गेला. मशिदी बंद होत्या, तरावीह घरातच झाली, मागच्या सफेत पोरे उभी राहिली. अनेक बाप प्रथमच महिनाभर मुलांबरोबर इफ्तारला बसले. पण अनेकांच्या खिशात तेव्हा पैसा नव्हता. वेळ मिळाला तो असा, चिंतेसकट. तरीही त्या मुलांना तो महिना आठवतो तो अब्बा घरी होते म्हणून.

‘अस्र’ म्हणजे काळ, आणि कलती दुपारही. कुरआनात त्याची शपथ घेऊन माणूस तोट्यात असल्याचे सांगितले आहे. उरलेले ऊन मुठीत धरता येत नाही, हे तलावाकाठच्या गावाला शिकवावे लागत नाही. मुलाला लहान ठेवणे आपल्या हाती नाही, आणि तसे मागितलेलेही नाही. मागितले आहे एवढेच की ते ‘देखो’ म्हणेल तेव्हा आपण पाहिलेले असावे. अमानतीचा हिशेब द्यायची वेळ येईल तेव्हा मूल परत करता येणार नाही. त्याचे बालपण पाहिल्याची साक्ष तेवढी देता येईल.