बाळंतिणीच्या उंबरठ्यावर



२०२१ च्या रमजान महिन्यात कोरोनाची दुसरी लाट जुन्नर तालुक्यात गावोगाव शिरली होती. त्या दिवसांत आणे येथील एका घरातून मला बोलावणे आले. घरची सून आळेफाट्याच्या दवाखान्यातून बाळ घेऊन घाट चढून परतली होती आणि तहनीक माझ्याच हातून व्हावी, असा आजींचा आग्रह होता. माझ्या घशात आदल्या रात्रीपासून खवखव होती. फोनवर नकार देणे बरे दिसेना म्हणून गेलो, तेही चुकलेच. अंगणात पाहुण्यांची रीघ पाहिली आणि उंबरठ्याबाहेरच थांबलो.

आजींनी खजूर काढून ठेवला होता. त्या दुखावल्या. म्हणाल्या, “मौलाना, सुन्नत टाळायला तुम्हीच सांगू लागलात, तर आम्ही कुणाकडे पाहायचं?”

चौथ्या दिवशी माझा अहवाल बाधित आला. परंतु तो आला नसता तरी आजींना उत्तर देणे माझ्यावर बंधनकारकच होते, कारण त्यांचा प्रश्न श्रद्धेचा होता.

मदीनेतील लोक आपली नवजात बालके प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आणीत आणि ते खजूर चावून बाळाच्या टाळूला लावीत, हे खरे आहे. हजरत अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) यांची तहनीक अशीच झाली. पण तहनीक मुस्तहब आहे, जिवाचे रक्षण मात्र वाजिब. सकीफच्या शिष्टमंडळात एक कुष्ठरोगी होता. प्रेषितांनी (स.) त्याला निरोप धाडला की, तुमची बैअत आम्ही स्वीकारली आहे, आता परत जावे. हातात हात न घेताही ती बैअत पूर्ण झाली. मग ज्याच्या लाळेतून रोग जाऊ शकतो, अशा इमामाने बाळाच्या तोंडात बोट घालावे, हे कोणत्या प्रेमात बसते? बाळासाठीची दुआ उंबरठ्याबाहेरूनही पोहोचते. खजुराऐवजी मध चाटवण्याची रीत काही घरांत आहे. वर्षाच्या आतील बाळाला मध धोक्याचा असतो, हे साथ नसतानाही ध्यानात ठेवावे.

याच्या उलट चूकही आपल्याकडे झाली. आई बाधित निघाली की बाळ तिच्या कुशीतून काढून घेतले गेले. पवित्र कुरआनने मातांसाठी स्तनपानाची पूर्ण मुदत दोन वर्षांची सांगितली आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही हेच सांगितले की बाधित आईने मास्क लावून, हात साबणाने धुऊन बाळाला अंगावर पाजावे. पुण्याच्या ससून रुग्णालयात २०२० मध्ये आईच्या वारेतून बाळाला संसर्ग झाल्याचे आढळले होते. असे क्वचितच घडते, आणि ते बाळही उपचारांनी बरे झाले. लसीविषयी आपल्या मोहल्ल्यांत फार कुजबुज झाली. स्तनदा मातांना मे २०२१ मध्ये आणि गरोदर स्त्रियांना जुलैमध्ये ती खुली झाल्यावरही कित्येक घरांनी पाठ फिरवली. त्या कुजबुजीपुढे आम्ही इमाम मंडळी गप्प राहिलो, हे मान्य केले पाहिजे.

निफासच्या काळात स्त्रीला नमाज माफ आहे आणि त्या नमाजांची कजाही नाही. रोजे ती नंतर पूर्ण करते. अल्लाहने जिला विश्रांती दिली, तिला आपण पाहुण्यांपुढे उठून बसायला लावतो. मागच्या सफेतून मुलाचे रडणे ऐकू आले, तर आईचा जीव कासावीस होईल म्हणून प्रेषित (स.) नमाज आटोपती घेत असत. तिच्यासाठी नमाज लहान होऊ शकते, मग आपली भेट का नाही? ज्याला खोकला वा ताप आहे त्याने जाऊच नये. इतरांनी दारातून सलाम करावा, बाळाला हाती घेऊ नये, मुके घेऊ नयेत.

अकीका सातव्या दिवशी जमला नाही, तर चौदाव्या वा एकविसाव्या दिवशी करता येतो. आण्याच्या त्या घरी तो एकविसाव्या दिवशी झाला. मंडप नव्हता, पंगत नव्हती. गोश्ताचे वाटे घरोघर पोहोचवले गेले. आजींनी माझा वाटा नातवाच्या हाती पाठवला आणि त्याला बजावले होते, डबा मौलानांच्या दारात ठेवून लांब उभा राहा.