शिरगणतीत घराणे शोधताना

पोखर्णीचा नृसिंह हे अनेक घराण्यांचे कुलदैवत आहे आणि त्यातली कितीतरी घराणी परभणी जिल्ह्याबाहेर राहतात. कुलदैवत ठाऊक आहे, पण पणजोबाचे नाव कागदावर कुठे आहे ते ठाऊक नाही, अशी त्यांच्यातल्या बहुतेकांची स्थिती. मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी जुन्या नोंदी तपासायला 2023 साली न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात हा कागद शोधण्याला एकदम जोर आला. तहसील कचेऱ्यांतले रुमाल सोडले गेले, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांचा भाव वधारला. या धांदलीत 1881 च्या शिरगणतीचे नाव फार मोठ्या विश्वासाने घेतले जाऊ लागले. निजामाच्या राज्यातली ती पहिलीच शिरगणती. परंतु हाती आले ते छापील कोष्टक: अमुक जिल्ह्यात अमुक जातीचे इतके लोक. त्यात नावे नाहीत हा आक्षेप अशा दाखल्यांच्या विरोधकांनी घेतला, आणि आरक्षणाचा वाद बाजूला ठेवला तरी वस्तुस्थिती म्हणून तो खराच आहे. माझे म्हणणे त्याच्याही पुढचे आहे. आपल्याकडची शिरगणती माणूस मोजते आणि लगेच त्याला विसरते. घराण्याचा माग लागतो तो ज्याला त्या माणसाकडून काही वसूल करायचे होते किंवा त्याला काही द्यायचे होते, त्याच्या दप्तरात.

याची खरी कसोटी पोखर्णीच्या शेतकऱ्यापेक्षा कोकणातल्या खलाशावर लागते. शेतकऱ्याला निदान जमीन असते, ती जागची हलत नाही, आणि तिच्या मागे सारा वसूल करणारा असतो. दर्यावर्दी घराणे मात्र पाण्यावर जगते. ब्रिटिश हिंदुस्थानातली पहिली एकाच वेळी घेतलेली शिरगणती 17 फेब्रुवारी 1881 च्या रात्रीची. नारळी पौर्णिमेनंतर बाहेर पडलेली गलबते आणि मचवे पावसाळ्याच्या तोंडावर परततात. म्हणजे फेब्रुवारीत रत्नागिरीच्या बंदरांतला तांडेल घरी असण्याचा संभव सर्वांत कमी. आगबोटीवर सारंगाच्या हाताखाली गेलेला खलाशी तर लंडनच्या गोदीत नाहीतर भर समुद्रात. बंदरातल्या होड्यांवरची माणसे मोजण्याची सोय होती, पण ती जिथे सापडली तिथल्या आकड्यात गेली. घरी उरल्या त्या बायका, आणि रत्नागिरीच्या कोष्टकांत पुरुषांहून बायका जास्त दिसतात त्याचे कारण मुंबईच्या गिरण्यांबरोबर हा समुद्रही आहे. 2011 मध्येही त्या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. दर्यावर्दी माणूस शिरगणतीत दिसतो तो असा, गैरहजेरीच्या रूपाने. ही माहिती मोलाची आहे. एखाद्या तालुक्याचे अर्थकारण तिच्यावरून मांडता येते. पण ती एका घराची वंशावळ देत नाही.

इथे कोणी म्हणेल, विलायतेत तर लोक शिरगणतीवरूनच सात पिढ्या काढतात. काढतात, आणि खलाशांच्याही काढतात. तिथे 1861 पासून जहाजांसाठी वेगळे तक्ते भरून घेतले गेले, घरोघरच्या नावानिशी नोंदी जपल्या गेल्या आणि शंभर वर्षांनी त्या लोकांना खुल्या होतात. इंग्लंड-वेल्सचे 1921 चे तक्ते जानेवारी 2022 मध्ये खुले झाले. तिथेही सगळे शाबूत नाही, 1931 चे तक्ते 1942 च्या आगीत गेले. पण तो अपघात होता. आपल्याकडे आकडे बेरजेत चढले की मूळ कागद नष्ट करणे हा रिवाज होता. भर म्हणून 1948 च्या जनगणना कायद्याचे 15 वे कलम सांगते की या नोंदी कोणाला पाहता येणार नाहीत आणि पुरावा म्हणून चालणार नाहीत. मग ज्या सरकारचा कायदा असे म्हणतो, त्याच्याच राज्यात जुन्या शिरगणतीच्या आकड्यांवर एकेका कुटुंबाचे दाखले तोलले जावेत, यातली विसंगती दोन्ही बाजूंच्या वक्त्यांनी फारशी बोलून दाखवलेली नाही.

एक अपवाद मान्य केला पाहिजे. 1951 च्या जनगणनेबरोबर गावोगावी नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही तयार झाली, आणि तिच्यात नावे उतरली. आसामात पुढे तिच्यावरून केवढे रामायण घडले ते सर्वांना ठाऊक आहे. शिंदे समितीच्या कामातही पुरावा म्हणून पाहायच्या कागदांत ही नोंदवही होती. पण त्या यादीतले बाकीचे कागद पाहा: खासरापत्रक, पाहणीपत्रक, कूळ नोंदवही, जन्ममृत्यूचे गाव नमुना 14 म्हणजे आपले कोतवाल बुक, शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही, ताडीच्या परवान्यांची वही, पोलिसांचे अटक पंचनामे, कच्च्या कैद्यांचे रजिस्टर. यातला एकही कागद घराण्याचा इतिहास लिहायला म्हणून जन्मला नाही. कोणाला सारा हवा होता, कोणाला परवान्याची फी, कोणाला आरोपी. म्हणूनच तिथे नाव, बापाचे नाव आणि गाव नीट लिहिले गेले.

खलाशाचेही तसेच. आंग्रे आणि विजयदुर्गचे धुळप दप्तरांत सापडतात, कारण त्यांच्या हाती आरमार होते. साधा खलाशी सापडतो तो जहाजाच्या भरतीपत्रकात, कारण कंपनीला त्याचा पगार चुकता करायचा होता. ब्रिटिश जहाजांची अशी पत्रके आज लंडनच्या अभिलेखागारात, ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आहेत आणि मोठा गठ्ठा कॅनडात न्यूफाउंडलंडच्या विद्यापीठात आहे. मुंबईत मस्जिद बंदरच्या खलाशीगृहातल्या स्मारकावर पहिल्या महायुद्धात समुद्रातच गेलेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांची नावे कोरली आहेत. नोंद राहण्यासाठी त्यांना बुडावे लागले. गोव्याच्या खलाशांसाठी मुंबईत गावोगावचे कूड, म्हणजे गाववार वसतिगृहे, होते, आणि गावाच्या नावाने चालणारा कूड म्हणजे गावकऱ्यांची हजेरीच. या कागदांत खोट आहेच. कारकुनाने कानाला लागेल तसे नाव लिहिले, आडनाव गाळले, वय अंदाजाने टाकले. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यांच्या वह्या यापेक्षा पिढ्या चांगल्या सांगतात, पण तिथवर जायची ऐपत असणाऱ्यांच्याच. तरीही खोट असलेले नाव जुळवून पाहता येते, नुसत्या आकड्याचे काहीच जुळवता येत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप गुप्ततेचा. नोंदी उघड होणार म्हटल्यावर लोक खरे सांगणार नाहीत, आणि जात मोजली जात असताना तर नाहीच. ही भीती आजच्या माणसापुरती रास्त आहे, त्याच्या पणतवंडापुरती नाही. 1931 नंतर प्रथमच सगळ्या जाती मोजणारी जनगणना आता होते आहे, तिची संदर्भ तारीख 1 मार्च 2027. या वेळी माहिती मोबाइलवर भरली जाणार, म्हणजे कागद साठवायला गोदाम नाही ही सबब उरत नाही. मूळ नोंदी जपून शंभर वर्षांनी खुल्या करण्याची तरतूद कायद्यात आताच व्हायला हवी. आणि तोवर आपल्या तालुक्यातले कोतवाल बुक वाळवीच्या आधी कोणीतरी स्कॅन करते आहे ना, एवढे तहसीलदारांना लेखी विचारा.