वाढ मागाल तर कपातही दाखवा

राज्यघटनेच्या २०३ व्या अनुच्छेदाने विधानसभेला खर्चाच्या मागणीबाबत तीनच अधिकार दिले आहेत : ती मंजूर करणे, नाकारणे किंवा तिची रक्कम कमी करणे. कपात सूचना मांडणाऱ्या आमदाराला रुपयाचीही वाढ सुचवता येत नाही. महापालिकेत चित्र बरोबर उलट असते. महानगरपालिका अधिनियमानुसार आयुक्त अंदाज तयार करतात, स्थायी समिती त्यात फेरफार करते आणि सर्वसाधारण सभा स्वतःला योग्य वाटतील ते बदल करून तो मंजूर करते. खर्चाच्या ठरावीक बाबींची तरतूद झाली पाहिजे आणि वर्षअखेर शिल्लक राहिली पाहिजे, असे बंधन कायद्यात आहे. पण सभेने सुचवलेला बदल कपातीचाच असावा, असे बंधन नाही. या मोकळीकीतून पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये उपसूचनांची प्रथा फोफावली. प्रभागातला रस्ता, उद्यान, समाजमंदिर, स्वागतकमान अशी कामे सभेच्या दिवशी यादीत शिरतात. पैसा नसेल तर नाममात्र रकमेची टोकन तरतूद होते, आणि वर्ष सरताना एका लेखाशीर्षावरचा निधी दुसऱ्यावर वळवून, म्हणजे वर्गीकरण करून, त्या कामाला पाय फुटतात. कागदावर अर्थसंकल्प शिल्लकीचाच राहतो.

या प्रथेला वैतागलेल्या अनेकांना प्रशासकाचा काळ दिलासा वाटला, आणि त्यांचे म्हणणे गंभीरपणे घ्यायला हवे. पिंपरी-चिंचवडच्या नगरसेवकांची मुदत १३ मार्च २०२२ रोजी संपली आणि नवे सभागृह निवडायला १५ जानेवारी २०२६ उजाडली. मधल्या काळात आयुक्त हेच प्रशासक होते. २०२३-२४, २०२४-२५ आणि २०२५-२६ हे तीन अर्थसंकल्प ज्यांनी तयार केले, त्यांनीच स्थायी समिती म्हणून ते स्वीकारले आणि सर्वसाधारण सभा म्हणून मंजूरही केले. उपसूचना नाहीत, गोंधळ नाही, तहकुबी नाही. मग खर्चाला आळा बसला का? केंद्र व राज्याच्या योजना धरून अर्थसंकल्पाचा आकार सुमारे ७ हजार १२७ कोटींवरून ८ हजार ६७६ कोटी आणि पुढे ९ हजार ६७५ कोटी रुपये झाला. दोन वर्षांत एक तृतीयांशाहून जास्त वाढ. याच काळात २०२३ मध्ये २०० कोटींचे आणि २०२५ मध्ये आणखी २०० कोटींचे कर्जरोखे काढले गेले. त्यांपैकी दुसरे हरित रोखे म्हणून मुंबई शेअर बाजारात नोंदले गेले. या पैशाची कामे वाईट होती, असे मी म्हणत नाही. वाढत्या शहराचा खर्च वाढणारच. पण कर्जाचे हप्ते पुढची सभागृहे फेडतील, आणि ते घेताना निवडून आलेल्या एकाही माणसाला ‘याऐवजी काय थांबवणार?’ असे विचारता आले नाही. तेव्हा शांतता होती एवढ्यावरून शिस्तही होती, असे अनुमान काढता येत नाही. खर्च वाढायला नगरसेवकांची गर्दी लागत नाही, हे या तीन वर्षांनी दाखवले.

मग वरून एक आकड्याची मर्यादा घालून दिली तर? महाराष्ट्राने हा मार्ग वीस वर्षांपूर्वी स्वीकारला. २००५ चा राजकोषीय उत्तरदायित्व कायदा आहे, आणि राजकोषीय तूट स्थूल राज्य उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आत ठेवण्याची चौकट आहे. मार्च २०२५ मध्ये मांडलेला ७ लाख २० कोटींचा अर्थसंकल्प या चौकटीत बसत होता. महसुली तूट ४५ हजार ८९१ कोटी असली तरी राजकोषीय तूट तीन टक्क्यांखाली दाखवली होती. त्यानंतर जुलै २०२५ मध्ये ५७ हजार ५०९ कोटींच्या आणि डिसेंबरमध्ये ७५ हजार २८६ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. यातला काही भाग हिशेबी समायोजनाचा आणि केंद्राच्या पैशाचा असतो, हे खरेच. अतिवृष्टी सांगून येत नाही, हेही खरे. तरी मूळ अर्थसंकल्पाच्या जवळजवळ एक पंचमांश एवढी रक्कम नऊ महिन्यांत दोन खेपांना मागितली जाते, तेव्हा मार्चमधली चर्चा नेमकी कशावर झाली, हा प्रश्न पडतोच. जिला आमदार रुपयानेही वाढवू शकत नाहीत, ती रक्कम सरकार पुरवणी मागण्यांच्या दाराने वाढवते. आणि चर्चेची वेळ संपली की उरलेल्या मागण्या गिलोटिनखाली एकदम मंजूर होतात. आकड्याची मर्यादा लागते. पण ती एकटी पुरत नाही, कारण वाढीव खर्चासाठी कोणते काम मागे पडले, हे सांगायला ती कुणाला भाग पाडत नाही.

सभागृहांत पक्षादेश चालतो, बहुमत आधीच ठरलेले असते, मग वादविवादाने काय साधते, असे विचारणारे पुष्कळ आहेत. त्यांनी गोपाळ कृष्ण गोखल्यांचे उदाहरण आठवावे. १९०२ साली ते केंद्रीय कायदेमंडळात अर्थसंकल्पावर पहिल्यांदा बोलले, तेव्हा १८९२ च्या कायद्याने सभासदांना फक्त चर्चेची मुभा होती. मतदान नाही, दुरुस्ती नाही. त्यांनी शिल्लकीच्याच अर्थसंकल्पावर हल्ला चढवला : रयत पिचलेली असताना तिजोरीत शिल्लक पडते याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त घेतला जातो. सरकारच्याच आकड्यांतून त्यांनी हे मांडले. मिठावरचा कर १९०३ पासून टप्प्याटप्प्याने मणामागे अडीच रुपयांवरून १९०७ पर्यंत एका रुपयावर आला. हे श्रेय एकट्या गोखल्यांचे नव्हे. पण मत नसलेल्या सभासदाने अभ्यासाच्या बळावर सरकारला उत्तर द्यायला लावले, हा इतिहास पुण्यातल्या माणसाने घडवला आहे. पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले होते. आज पिंपरीत १२८ नगरसेवकांकडे मतही आहे आणि दुरुस्तीचा अधिकारही.

इथे पैसा पूर्वी आपलाच आणि भरपूर होता, म्हणून निवड करण्याची सवय या शहराला लागलीच नाही, असे मला वाटते. एमआयडीसीतल्या कारखान्यांत येणाऱ्या मालावरची जकात पालिकेच्या तिजोरीत थेट पडे. २०१३ मध्ये जकात जाऊन एलबीटी आला, २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी तोही गेला आणि जुलै २०१७ पासून जीएसटीची भरपाई राज्याकडून येते. उत्पन्नाचा मोठा स्रोत शहराच्या हातून सुटला, पण उपसूचनांचा स्वभाव जकातीच्या दिवसांतलाच राहिला. नोव्हेंबर २०१९ पासून शहराला दिवसाआड पाणी मिळते. पवनेची बंद जलवाहिनी २०११ मध्ये मावळात आंदोलकांवर झालेल्या पोलीस गोळीबारानंतर अडकून पडली. अशा शहरात कमान आणि पाणी यांपैकी आधी काय, हा प्रश्न सभागृहात मोठ्याने विचारला गेलाच पाहिजे.

तो विचारण्याची जागाच नसली की काय होते, ते चाकणमध्ये दिसते. चाकणला नगरपरिषद आहे, पण कारखाने निघोजे, कुरुळी, महाळुंगे अशा गावांत पसरले आहेत. औद्योगिक क्षेत्र एमआयडीसीचे, गावातला कारभार ग्रामपंचायतींचा, महामार्ग केंद्राचा, विकास आराखडा पीएमआरडीएचा, आणि त्या प्राधिकरणाचे अध्यक्ष मुख्यमंत्री. तळेगाव-चाकण रस्त्यावर तासन्‌तास अडकणारा कामगार यांपैकी कुणाच्या अर्थसंकल्पावर कपात सूचना मागणार? २०२५ मध्ये चाकण भागासाठी वेगळ्या महापालिकेची कल्पना पुढे आली. ती स्वीकारायची तर निधी आणि अधिकाऱ्यांची पदे यांच्या बरोबरीने जाब विचारणारे सभागृहही तिथे आले पाहिजे.

वाढ मागणाऱ्याने कपातही दाखवावी, असा नियम केला तर कामे रखडतील, अशी भीती दाखवली जाते. उलट टोकन तरतुदीची शेकडो कामे यादीतून गेली, तर ज्यांना खरा पैसा आहे ती वेळेत होतील. दुसरी भीती अशी, की वाढीला कपातीची जोड सक्तीची केली तर बलवान प्रभाग दुर्बलांचा निधी ओढतील. ते आजही घडते, फक्त वर्गीकरणाच्या प्रस्तावात ते कुणाच्या नजरेस पडत नाही. कोणाच्या कामातून पैसा घेतला, हे सभेत नाव घेऊन सांगावे लागले, तर ज्याचे काम गेले त्याला निदान उभे राहून विरोध तरी करता येईल.

म्हणून पिंपरी-चिंचवडच्या नव्या सभागृहाकडे मागणी एवढीच आहे. खर्च वाढवणारी कोणतीही उपसूचना ज्या लेखाशीर्षातून पैसा येणार ते नोंदवल्याशिवाय स्वीकारू नये. जमेचा अंदाज सभेच्या दिवशी वाढवू नये. आयुक्तांचे वर्गीकरणाचे प्रस्तावही त्याच अटीवर घ्यावेत, आणि प्रत्येक उपसूचना मांडणाऱ्याच्या नावासह मंजुरीनंतर आठवडाभरात महापालिकेच्या संकेतस्थळावर मराठीत प्रसिद्ध करावी. यासाठी मुंबईहून कायदा दुरुस्त होऊन येण्याची वाट पाहायला नको; सभेने स्वतःवर घालून घेतलेला एक ठराव पुरेसा आहे.