तीर्थयात्रेचे फळ आणि तिचा शुभारंभ

॥ श्री ॥



श्रींच्या दर्शनाच्या ओढीने आपण गावोगावांहून या क्षेत्री येता. देवस्थानाच्या कार्यालयात आल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो : "दर्शनाला किती वेळ लागेल? पुढचे ठिकाण आजच होईल ना?" हा प्रश्न स्वाभाविक आहे. रजा मोजकी असते, गाडी भाड्याची असते, सोबत लहान मुले व वृद्ध मंडळी असतात. तथापि, एवढे कष्ट आणि एवढा खर्च ज्या फळासाठी करावयाचा, ते फळ कोणते व ते पदरी कसे पडते, याचाही विचार व्हावा, म्हणून हे चार शब्द.

'तीर्थ' हा शब्द 'तॄ' म्हणजे तरून जाणे या संस्कृत धातूपासून झाला आहे. नदी जेथून पार करता येते तो उतार म्हणजे तीर्थ. ओलांडावयाची असते ती केवळ नदी नव्हे. आपल्या सवयी, आपले मानापमान आणि 'माझे घर, माझे काम, माझ्यावाचून अडेल' ही भावना, हीच खरी ओलांडण्याची वस्तू होय.

महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेचे विस्तृत वर्णन आहे. त्यातील दोन गोष्टी विशेष मननीय आहेत. पहिली अशी की, यज्ञाला विपुल द्रव्य व साहित्य लागते, ते दरिद्री मनुष्याने कोठून आणावे? त्याच्यासाठी तीर्थयात्रा सांगितली आहे आणि तिचे पुण्य यज्ञाहूनही थोर मानले आहे. मात्र अट घातली आहे : ज्याचे हात, पाय व मन संयमात आहे, जो मिळेल त्यात संतुष्ट आहे आणि ज्याने अहंकार सोडला आहे, त्यालाच तीर्थाचे फळ लाभते. दानशूर भक्तांच्या देणगीवर देवस्थानांची अन्नछत्रे, भक्तनिवास व स्वच्छता चालते, त्याबद्दल कृतज्ञता आहेच. परंतु यात्रेचे फळ पावतीवरील आकड्यावर ठरत नाही, हे सांगणे हेही देवस्थानाच्या सेवकाचे कर्तव्यच आहे.

दुसरी गोष्ट लोमश ऋषींची. वनवासातील पांडवांना तीर्थयात्रेस नेण्यासाठी ते आले, तेव्हा युधिष्ठिराभोवती मोठा समुदाय होता. ऋषींनी त्याला परिवार कमी करून हलके होण्यास सांगितले, कारण हलका असेल तोच सुखाने मार्ग चालतो. धर्मराजाने ते मानले, कष्ट सोसणार नाहीत अशांना परत पाठविले आणि मोजक्या लोकांसह तो निघाला. यात्रेचे सारे शास्त्र या एका उपदेशात सामावले आहे. हलके होणे ही यात्रेची पूर्वतयारी आहे आणि हलके होणे हेच तिचे फळही आहे.

याचा दाखला आपल्या संतपरंपरेत मिळतो. नामदेव महाराजांना पंढरी सोडवत नसे, विठ्ठलावाचून अन्यत्र चैन पडत नसे. अशा नामदेवांना ज्ञानेश्वर महाराजांनी तीर्थयात्रेस सोबत नेले, असे परंपरा सांगते. पुढे हेच नामदेव पंजाबपर्यंत गेले. तेथे घुमान येथे त्यांचे स्मरण आजही होते आणि त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट आहेत. पंढरीबाहेर पाऊल टाकल्याने त्यांचा विठ्ठल दुरावला नाही. तो सर्वत्र आहे, याची प्रचीती आली.

सामान्य प्रापंचिकालाही यात्रेचा लाभ याच प्रकारे होतो. अष्टविनायकाचे उदाहरण घ्यावे. मोरगावी कऱ्हाकाठ, सिद्धटेकला भीमातीर, पालीला सरसगडाचा पायथा, लेण्याद्रीला डोंगरातील प्राचीन बौद्ध लेण्यांच्या समूहात विराजमान गिरिजात्मज. थेऊरला चिंतामणीपुढे हात जोडताना, थोरल्या माधवरावांनी १७७२ साली याच गावी देह ठेवला, हे आठवते आणि पाठ्यपुस्तकातील इतिहास समोर उभा राहतो. पायांना चालणे घडते. रांगेत अनोळखी माणसाशी बोलणे होते, पंगतीत शेजारी कोण बसला आहे हे विचारले जात नाही. एरवी एका छपराखाली राहूनही न बोलणारे पितापुत्र प्रवासात एकमेकांशी बोलू लागतात. चार दिवस आपल्यावाचून घर चालले, कचेरीही चालली, हे पाहून आरंभी मन किंचित खट्टू होते. मग मात्र डोक्यावरचे ओझे उतरल्याचे समाधान लाभते.

असे असूनही अनेकजण यात्रा पुढे ढकलतात. मुलांची शिक्षणे होऊ देत, कन्येचे लग्न होऊ दे, सेवानिवृत्ती होऊ दे, मग निवांत निघू, असा संकल्प होतो. लेण्याद्रीला सुमारे ३०० पायऱ्या आहेत. साठीनंतर प्रथमच तेथे येणाऱ्या कित्येकांना गुडघ्यांमुळे पायथ्याशीच थांबावे लागते. मुले वर जाऊन प्रसाद आणतात आणि आईवडील खालूनच हात जोडतात. देव त्यांचा नमस्कार निश्चित स्वीकारतो. परंतु ज्या काळी पाय होते त्या काळी सवड काढली नाही, ही खंत प्रसादाने निवत नाही. आपल्या घरी वृद्ध मातापिता असतील, तर त्यांची इच्छा आजच विचारावी. ते स्वतःहून सांगणार नाहीत, कारण आपल्या खर्चाचा त्यांना संकोच वाटतो.

प्रारंभ कसा करावा, यासाठी काही सूचना :

१. आरंभ जवळच्या स्थानापासून करावा. आठही गणपती एका फेरीत होणे आवश्यक नाही. पुणेकरांनी प्रथम थेऊर करावे, एखाद्या रविवारी ओझर व लेण्याद्री ही जुन्नर तालुक्यातील दोन स्थाने करावीत. मोरगावापासून आरंभ करून पुन्हा मोरगावीच सांगता करण्याची प्रथा आहे. ती संपूर्ण यात्रेच्या वेळी पाळावी.

२. दिवस व तिथी आधी ठरवावी व घरात सर्वांना सांगावी. चतुर्थी, सुट्ट्या व उत्सवकाळी गर्दी असते. वृद्ध व बालके सोबत असल्यास साधा वार निवडावा.

३. सामान स्वतःला उचलता येईल इतकेच घ्यावे. नित्याची औषधे, पाण्याची बाटली, ओळखपत्र व घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकाजवळ असावी. मौल्यवान दागिने घरीच ठेवावेत.

४. एस.टी.चा प्रवास जरूर करावा. महाराष्ट्रात २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एस.टी. प्रवास विनामूल्य आहे आणि २०२३ पासून महिलांना तिकिटात निम्मी सवलत आहे.

५. दिवसात दोनपेक्षा अधिक स्थाने शक्यतो करू नयेत. दर्शनानंतर मंदिराच्या आवारात थोडा वेळ शांत बसावे. त्या स्थानाची कथा मुलांना तेथेच सांगावी.

६. स्थानिक रीत विचारून घ्यावी. पालीला बल्लाळेश्वरापूर्वी धुंडीविनायकाचे दर्शन घेण्याची प्रथा आहे, ती अनेकांना ठाऊक नसते.

७. नदीत निर्माल्य, कपडे वा प्लास्टिक टाकू नये. तीर्थ मलिन करून तीर्थाचे पुण्य मिळत नाही.

घरी परतल्यावर प्रसाद शेजारी वाटावा आणि स्वतःला एक प्रश्न विचारावा : निघताना मी जेवढा भार घेऊन निघालो, तेवढाच घेऊन आलो, की त्यातील काही तेथे ठेवून आलो? रांगेत कोणाला जागा दिली असेल, प्रवासात एखादा जुना राग विसरला असेल, तर यात्रा सफळ झाली असे समजावे. तसे घडले नसेल, तर खेद न करता पुढच्या यात्रेचा दिवस ठरवावा.

पाय चालते आहेत आणि आईवडील सोबत आहेत, तोवरच निघण्याची सद्बुद्धी सर्वांना होवो व आपली यात्रा निर्विघ्न पार पडो, ही श्रीचरणी प्रार्थना.

शुभं भवतु ।

— चिटणीस, देवस्थान कार्यालय