‘दिसले नाही’ ही नोंद

हौशी आकाशनिरीक्षकाच्या वहीत मेसिए यादीतील, म्हणजे ‘एम’ क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या तेजोमेघ, तारकागुच्छ, दीर्घिका यांच्या यादीतील, प्रत्येक पिंडापुढे वेळ, दुर्बीण आणि आकाशाची स्थिती लिहिलेली असते. परंतु प्रमाणशास्त्राच्या, म्हणजे ज्ञान खरे कशावरून ठरते याचा विचार करणाऱ्या शास्त्राच्या दृष्टीने, त्या वहीतील सर्वांत विचारार्ह नोंद ‘दिसले नाही’ ही होय. कुमारिल भट्टांच्या मीमांसेत आणि अद्वैत वेदान्तात ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानले आहे: जमिनीवर घट दिसत नाही, यावरूनच तेथे घट नाही असे कळते. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, तिला वेगळे प्रमाण मानत नाहीत. मात्र घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी, ही ‘योग्यते’ची अट दोन्ही पक्षांना मान्य आहे. अंधाऱ्या खोलीत घट न दिसल्याने काहीच सिद्ध होत नाही.

भिवंडीतल्या गच्चीवरून आकाश पाहणाऱ्याची अडचण मात्र अंधाराची नसून उजेडाची आहे. त्रिकोण तारकासमूहातील एम ३३ ही दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह, सुमारे २७ लाख प्रकाशवर्षे दूर आहे; तिची एकूण दीप्ती कागदावर बरी दिसते, पण ती पूर्णचंद्राच्या बिंबाहून मोठ्या क्षेत्रावर पसरलेली असल्याने यंत्रमागांच्या वस्तीवर आणि महामार्गालगतच्या गोदामांवर रात्रभर जळणाऱ्या दिव्यांच्या उजेडात पार विरून जाते, आणि मोठी दुर्बीण लावली तरी फारसे साधत नाही, कारण ती आकाशाचा उजेडही तितकाच गोळा करते. शौरीतील एम १३ हा दाट तारकागुच्छ मात्र त्याच गच्चीवरून सापडतो.

याउलट १७६४ मध्ये यादीकर्त्या शार्ल मेसिएने हेवेलियस या आधीच्या खगोलनिरीक्षकाने नोंदवलेला तेजोमेघ सप्तर्षीत शोधला, तेव्हा त्याला दोन मंद ताऱ्यांपलीकडे काही आढळले नाही, आणि त्याने ते तारेच एम ४० म्हणून नोंदवले. पुढे अधिक मोठ्या दुर्बिणींनाही तेथे तेजोमेघ मिळाला नाही. ही खरी योग्य अनुपलब्धी.

नैयायिक उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमाञ्जली’त योग्यतेची हीच अट ईश्वराच्या बाजूने वापरली: ईश्वर इंद्रियांना दिसण्याजोगा नसल्याने त्याचे न दिसणे हा त्याच्या अभावाचा पुरावा नव्हे. तर्क बिनतोड आहे, पण निरीक्षकाच्या वहीशी तो पुरता जुळत नाही. एम ३३ची अयोग्यता भिवंडीपुरती आहे. कल्याणहून कर्जतच्या लोकलने वांगणीला, जेथे खगोल मंडळ रात्रभराची आकाशदर्शने घेत आले आहे, उतरल्यास ती बरीचशी संपते. ईश्वराची अयोग्यता मात्र उदयनांच्या मांडणीत कोठेच संपत नसल्याने तेथे ‘दिसले नाही’ ही नोंद खोडण्याची वेळ कधी येत नाही, आणि म्हणूनच ईश्वरसिद्धीसाठी त्यांनाही अनुमानाकडे, म्हणजे जगरूपी कार्यावरून त्याच्या कर्त्याकडे जाणाऱ्या तर्काकडे, वळावे लागते.